ग्लुकोमीटरचा आकडा किती खरा?

"डॉक्टर, लगेच दुसऱ्यांदा तपासली तर 178 ची 196 झाली. मशीन बिघडलंय का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बहुतेक वेळा मशीन ठीक असते. दोन्ही आकडे एकाच साखरेचे असू शकतात.

ग्लुकोमीटरसोबत आलेले माहितीपत्रक आपण उघडतही नाही. त्यात 'अचूकता' या शीर्षकाखाली ±15 असे काहीतरी छापलेले असते. आयएसओ 15197 या आंतरराष्ट्रीय मानकाची 2013 ची आवृत्ती सांगते की, प्रयोगशाळेच्या तुलनेत साखर 100 किंवा जास्त असेल, तर 100 पैकी किमान 95 रीडिंग 15 टक्क्यांच्या आत हवीत. साखर 100 च्या खाली असेल, तर 15 मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर 200 असताना मीटरने 170 दाखवले काय किंवा 230 दाखवले काय, तो नियमात बसतो. शिवाय 100 पैकी पाच रीडिंग याही बाहेर जाऊ शकतात.

हे माहीत नसले की काय होते? माझ्या एका सत्तरीच्या पेशंटनी झोपताना 178 नंतर आलेला 196 हा आकडा पाहून स्वतःच चार युनिट इन्सुलिन जास्त घेतले. पहाटे तीनला ते घामाने भिजले, हात थरथरू लागले. मीटरवर 74. "सत्तरच्या वर आहे, म्हणजे ठीक," असे ते म्हणत होते. पण काकूंनी ऐकले नाही, साखरपाणी पाजले. योग्यच केले. मीटरवरचे 74 म्हणजे प्रत्यक्षात 60 सुद्धा असू शकते.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, दहा-पंधरा अंकांच्या फरकावर इन्सुलिनचा डोस बदलू नका. आठवडाभराचा कल पाहा. पण 290 आली तर "मशीन चुकतंच" म्हणून सोडूनही देऊ नका. 250 धरली तरी ती जास्तच आहे.

दुसरी, घाम, थरथर, धडधड, अचानक कडकडून भूक अशी लक्षणे असतील तर आकड्याशी वाद घालू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

तिसरी, छापील अचूकता ही नीट वापरलेल्या मीटरची असते. आंबा खाऊन हात न धुता तपासलेली साखर जास्तच येणार. मुदत संपलेल्या किंवा पावसाळ्यात डबी उघडी राहून दमटलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. रक्त फार कमी असेल (ॲनिमिया), तर अनेक मीटर साखर जास्त दाखवतात. तसे असेल तर मला सांगा.

मीटरची शंका असेल तर तो लॅबमध्ये सोबत न्या. उपाशीपोटी शिरेतून रक्त दिल्यावर लगेच बोटाचीही साखर तपासा. फरक 15 टक्क्यांच्या आत असेल, तर निर्धास्त वापरा.

आणि पुढच्या वेळी येताना एकच आकडा सांगू नका, वही आणा. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, एवढे लिहिलेले असले की डोस ठरवणे मला सोपे जाते आणि तुमच्यासाठी सुरक्षित ठरते.