मधल्या पाटीवरून दिसलेली कबड्डी

वरूडहून शेंदूरजनाघाटला येणाऱ्या ऑटोत परवा आयोडेक्सचा वास आला आणि माझा उजवा गुडघा उगाचच आखडला. समोरच्या सीटवर शाळेच्या ट्रॅकसूटमधल्या दोन पोरी बसल्या होत्या. एकीनं पायजमा वर सरकवून पोटरीवर तो काळपट मलम असा थापला होता, की फोडणीच्या कढईचं बूड दिसावं. दोघींचा वाद चालला होता.

"दोन्ही एकाच दिवशी ठेवलं वो त्याईनं. खो-खो बी आन् कबड्डी बी."

"मंग सर काय म्हंते?"

"सर म्हंते, एक काहीतरी पकड."

माझा थांबा आला तरी मी उतरलो नाही. ऑटोवाल्यानं पुढच्या चौकात नेऊन सोडलं, वरचे पैसे घेतले, आणि मी उन्हात उलटा चालत आलो. चालताना ते वाक्य डोक्यात होतं. एक काहीतरी पकड. चाळीस वर्षांत शाळेचं छप्पर बदललं, मैदानाला तारेचं कुंपण आलं, खडूची जागा चुन्यानं घेतली, पण हे वाक्य जसंच्या तसं आहे.

मला ते पहिल्यांदा ऐकवलं गेलं तेव्हा मी नववीत होतो. सकाळी खो-खो, संध्याकाळी कबड्डी. दोन्ही खेळांचे शिक्षक वेगळे आणि दोघांना माझं शरीर वेगवेगळं हवं होतं. खो-खोवाले म्हणायचे, अंग हलकं ठेव, रात्री भात खाऊ नको. कबड्डीवाले म्हणायचे, दोन भाकरी जास्त खा, अशानं तुला कोणी पोट्टा उचलून बाहेर फेकेल. आई दोघांचंही ऐकून घ्यायची आणि जे शिजलं असेल ते वाढायची. खो-खोत उठबस करून गुडघे सोलायचे, कबड्डीत बनियन फाटायचं. दोन्हीचं औषध एकच, ती हिरवी बाटली. घरात आजी सांधेदुखीसाठी ती जपून वापरायची आणि माझ्यामुळे ती महिन्याच्या आत तळ दाखवायची. आजीनं शेवटी बाटली धान्याच्या कणगीमागे लपवली. मला ती जागा माहीत होती, आणि मला माहीत आहे हे आजीलाही माहीत होतं.

तालुक्याचे सामने पार पडले, दोन्ही संघ जिल्ह्याला गेले. जिल्हा म्हणजे अमरावती. मैदान एकच, मोठं. या टोकाला खो-खोचे खांब, त्या टोकाला कबड्डीची आखणी, मधे पाण्याचा टँकर आणि चिवड्याची गाडी. आणि दोन्ही सामने एकाच वेळी. कोण्या कार्यालयात कोण्या टेबलावर बसून कोणी तो तक्ता आखला होता, त्याला या दोन याद्यांत एक नाव सारखं आहे हे दिसायचं कारणच नव्हतं. वेगळ्या खेळाची वेगळी फाइल. मी खो-खोत गेलो, कारण तिथली शिटी आधी वाजली. कबड्डीचा संघ सहा जणांनिशी उतरला.

आता खो-खो ज्यानं खेळला आहे त्याला सांगायला नको, पण पाठलाग करणारे आठ जण मधल्या पाटीवर बसतात ते आलटून-पालटून तोंडं करून. एकाचं तोंड या बाजूला, शेजारच्याचं त्या बाजूला. मागून खो मिळाला की उठायचं, जो खो देतो तो तुमच्या चौकोनात बसतो, तुम्ही पळत जाऊन तिसऱ्याला उठवता आणि त्याच्या चौकोनात, त्याच्याच दिशेला तोंड करून बसता. म्हणजे डावात तुमचं तोंड कुठं असेल हे तुमच्या हातात नसतं. मी दुसऱ्या चौकोनात होतो तेव्हा समोर कबड्डी दिसत होती. आमचा एक जण चढाईला गेला, निदान रेषा ओलांडली, त्याच्या घोट्याला कोणीतरी झेप घातली आणि मागून खो आला. उठलो, पळालो, पाचव्यात बसलो. पाचव्याचं तोंड उलट्या बाजूला. पाठीमागे आरडाओरडा. आमच्यांचा की त्यांचा, कळायला मार्ग नाही. पुन्हा खो, पुन्हा पळणं, आठव्या चौकोनात आलो तर पुन्हा कबड्डी दिसली, आणि मैदानात आमचे तीनच जण उरले होते.

तो सामना मी असा तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. मधले तुकडे अजून माझ्याकडे नाहीत.

घरी आल्यावर बाबांनी फक्त एवढं विचारलं, "कायले दोन-दोन धरतं?" बाबांची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. ज्याला शेंदूरजनाघाट माहीत आहे त्याला हे निराळं सांगायला नको, कारण इथं दर चौथ्या घराला ती असते असं बाहेरच्याला वाटतं. जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा. खुंटाच्या सालीला चाकूनं इंग्रजी टी-सारखी चीर द्यायची, नखानं साल दोन्हीकडे हलकीशी उचलायची, डोळा वरून आत सरकवायचा आणि पट्टीनं आवळून टाकायचं, तेही डोळ्याचं टोक तेवढं उघडं ठेवून. बाबा बोलायचे तेही पट्टी आवळताना, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य दोन गाठींच्या मधे यायचं.

"एका झाडावर दोन बहार धरले का झाड बसते," गाठ, "तुले माहीत हाय," गाठ.

माहीत होतंच. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो, मृग पावसाच्या तोंडावर. ज्या बहाराचं पीक घ्यायचं त्याच्या आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडायचं. आंबियाची फळं दिवाळीच्या पुढेमागे तोडणीला येतात. म्हणजे मृगाची फुलं येतात तेव्हा आंबियाची फळं झाडावर लटकलेली असतात. दोन्ही जोमानं घ्यायला गेलं तर झाड दोन-चार वर्षांत सल धरतं, वाळायला लागतं. बाबांचं गणित बिनतोड होतं. फक्त मी झाड नव्हतो, हे त्यांना सांगायची तेव्हा छाती नव्हती. आणि एक गोष्ट मी पाहिली होती. आंबियाच्या झाडावर मृगाची चार चुकार फुलं आली तर ती खुडायला बाबा कधी शिडी लावून चढले नाहीत. उलट त्या चार फळांना बाजारात भाव बरा मिळतो म्हणून ती निराळ्या टोपलीत ठेवायचे.

इथं मला एम. जे. गोपालन आठवतो, आणि तो इथं कसा बसवायचा ते मला कळत नाही, तरी बसवतो. मद्रासचा माणूस. १९३४ साली रणजी करंडकाचा पहिलावहिला चेंडू त्यानं टाकला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. १९३५ साली ध्यानचंदच्या हॉकी संघासोबत न्यूझीलंडला गेला. आणि १९३६ च्या उन्हाळ्यात एकीकडे बर्लिनचं ऑलिंपिक, दुसरीकडे क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा. त्याला सांगितलं गेलं असणारच, एक काहीतरी पकड. त्यानं क्रिकेट पकडलं. दौऱ्यात एकाही कसोटीत त्याला घेतलं नाही. १५ ऑगस्ट १९३६ रोजी ओव्हलवर तिसरी कसोटी सुरू झाली, आणि त्याच दिवशी बर्लिनमध्ये भारतानं जर्मनीला ८-१ नं हरवून सुवर्ण घेतलं. एकच तारीख. अंतिम सामना आदल्या दिवशी व्हायचा होता, पावसानं तो एक दिवस पुढे ढकलला, म्हणून ही तारीख जुळली.

गोपालनवर जे काही लिहिलं जातं त्यात हा प्रसंग हळहळीनं येतो. सुवर्ण हुकलं, बिचारा. मला ती हळहळ पटत नाही. त्याला क्रिकेट आवडत असेल, एवढी साधी शक्यता कोणी धरत नाही. आणि एकाच माणसाला दोन्हीकडून बोलावणाऱ्या दोन मंडळांनी आपसात बोलायला हवं होतं, हेही कोणी म्हणत नाही. चूक ठरते ती निवडणाऱ्याची. तक्ता आखणारा कुठल्याच लेखात नसतो.

आणखी एक. त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गेलं होतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हे मंडळ. आमच्या जिल्ह्यातल्या माणसांनी तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. मंडळाच्या मातीत आखाड्याशेजारी मल्लखांब, त्याशेजारी लेझीम, हे सगळं एकाच पोरानं करायचं असाच रिवाज होता. व्यायाम म्हणून सगळं चालतं. स्पर्धा म्हटलं की एक काहीतरी. हे कधी बदललं ते मला नेमकं दाखवता येणार नाही, पण दहावी-बारावीच्या निकालात खेळाचे वाढीव गुण आणि नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आल्यावर ते पक्कं झालं, एवढं दिसतं. आता पोर कोण्या खेळात किती वरच्या पायरीला पोचलं, हे कागदावर लागतं. जिल्ह्याला दोन खेळांत गेलेल्यापेक्षा विभागाला एका खेळात गेलेला बरा. आईबापांना हा हिशोब शिक्षकांच्या आधी कळतो.

जेमिमा रॉड्रिग्जचं उदाहरण मला इथले लोक हल्ली देतात. मुंबईची पोरगी, महाराष्ट्राच्या सतरा वर्षांखालच्या हॉकी संघात होती आणि क्रिकेटही खेळत होती. पुढे क्रिकेट धरलं, आणि २०२५ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. बघा, एक धरलं म्हणून झालं, असं मला सांगतात. मी विचारतो, आणि आधी दोन धरले होते म्हणून काही झालं नसेल का? क्षेत्ररक्षणात ती वाकून चेंडू उचलते तेव्हा मला हॉकीची काठी दिसते. हा माझा भ्रमही असेल. पण हा भ्रम मी कोणाला देणार नाही.

त्या अमरावतीच्या मैदानावर मी आठव्या चौकोनात बसलो होतो आणि आमचे तिघे उरले होते, हे मी वर सांगितलं. त्यानंतर पुन्हा खो आला. खांबाला हात टेकून वळताना एका डोळ्याच्या कोपऱ्यात कबड्डीच्या पंचाचा हात वर गेलेला दिसला. हात वर जाणं म्हणजे गुण, पण कोणाला? हात कोणत्या बाजूचा होता हे मी झोपेतसुद्धा आठवून पाहिलं आहे. खो-खो आम्ही एका गुणानं हरलो, त्याचं मला काहीच वाटत नाही. पूर्ण पाहिलेला सामना लवकर विसरतो माणूस.

त्या वर्षी मुलींचाही कबड्डीचा संघ होता, आणि त्यातली आमच्याच गल्लीतली एक मुलगी चढाईला अशी जायची, की समोरचा संघ आपसूक दोन पावलं मागे सरकायचा. तालुक्याला ती आली, जिल्ह्याला नाही. त्या आठवड्यात त्यांच्या वावरात वेचणीआधीच्या पूजेचं सीतादही झालं होतं, कापूस फुटला होता आणि कमरेला ओटी बांधून सगळं घर वेचणीला होतं. तिला कोणी म्हटलं नाही, एक काहीतरी पकड. तिच्यासाठी ते आधीच धरून ठेवलेलं होतं. तिचं नाव संघाच्या यादीत होतं की नाही, तेही मी तेव्हा विचारलं नाही.

ऑटोच्या त्या प्रसंगानंतर चार दिवसांनी मी तिच्याकडे गेलो. वरूड रस्त्यावरच्या एका संत्रा छाटणीच्या शेडात ती बायकांच्या टोळीची मुकादम आहे. समोर संत्र्यांचा ढीग, ती तळहातावर फळ घेऊन न बघता एकाच झटक्यात मोठं, मध्यम, चुरी असं वेगळं करत होती. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवल्यापासून मोठ्या फळाचं काही खरं नाही, म्हणाली. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं, तक्ता, एकच वेळ, सहा जणांचा संघ. तिनं ऐकून घेतलं.

"तुमचं बरं होतं भाऊ, दोन्ही खेळंच होते," ती म्हणाली, आणि मग हसून, "पर तो सामना आपण जिकला होता न. माह्या भाऊ होता त्याच्यात. घरी येऊन नाचला होता."

चाळीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उलट शाळेत तर ऐकलं होतं की माझ्यावाचून हरले. मी तिथूनच तिच्या भावाला फोन लावला. तो त्या दिवशी माल घेऊन नागपूरला कळमन्याच्या बाजारात होता, मागे ट्रकचे हॉर्न. मी विचारलं, नववीत, अमरावतीला, कबड्डी, सहा जण, जिंकलो का हरलो?

"कोनती कबड्डी बे?" तो म्हणाला. "त्या साली आपण हॉलीबॉल नेलं होतं न अमरावतीले. तू नेट धरून उभा होता." मग त्यानं शेडातल्या चुरीचा भाव विचारला, मी बहिणीकडे फोन दिला, आणि दोघांचं क्यारेटवरून जे सुरू झालं ते मी निघेपर्यंत संपलं नव्हतं.