नाट्यगृहातला गरम वडा

शहरात नाटकाला जाणाऱ्या माणसाला दोन गोष्टी पाठ असतात. तिसरी घंटा व्हायच्या आत खुर्ची गाठायची, आणि मध्यंतराचा पडदा पडताच बटाटेवड्यासाठी धाव घ्यायची. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातला रिवाजही हाच. या नाट्यगृहाचे भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले. १९६८ साली ते रसिकांना खुले झाले, तेव्हा मात्र बालगंधर्व हयात नव्हते. योगायोग असा, की त्याच १९६८ साली कुफरी ज्योती हे बटाट्याचे वाण प्रसारित झाले. आपल्याकडच्या बटाटेवाल्यांना ते नाव नवे नाही.

तिथे एका संगीत नाटकाला मी, आमच्या सौभाग्यवती, मेव्हणे आणि वहिनी असे चौघे गेलो होतो. मेव्हणे आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा घेतात. मध्यंतरात उपाहारगृहात शिरलो, तर गर्दी अशी की बाजारातला लिलाव परवडला! जेमतेम एक बाक मिळाला. मेव्हण्यांनी वडा फोडला आणि खाण्याआधी आत निरखून पाहिले.

"दाजी, माल पक्का आहे. सारण बघा कसं मोकळं झालंय."

त्यांची पारख बरोबर होती. कोवळ्या बटाट्यात पाणी जास्त, त्यामुळे सारण ओलसर होते. पाला कापल्यावर दहा-पंधरा दिवस बटाटा जमिनीत राहू दिला की साल घट्ट होते, माल टिकतो आणि उकडल्यावर पिठूळ होतो. बटाटा, मिरची, आले, लसूण, कोथिंबीर, वरच्या पिठाचा हरभरा; त्या एका बशीत आपले सारे शिवार होते.

वहिनी मात्र बशी हातात धरून उभ्याच होत्या. "तुमचं होऊ द्या," म्हणाल्या. सौभाग्यवतींनी त्यांना हाताला धरून बसवले. तेवढ्यात पोऱ्याने नव्या घाण्यातला वडा त्यांच्यापुढे ठेवला. पहिला घास घेऊन त्या हसल्या.

"वडे इतकी वर्षं तळतेय. कढईतला गरम खाल्ला तो आजच."

आम्ही दोघे पुरुष गप्प झालो. मेव्हणे निवलेला चहा उगीच फुंकत राहिले.

वाचकहो, शेतकऱ्याच्या घरात गडी जेवतात, पाहुणे जेवतात, पोरे जेवतात. बाईच्या ताटात येते ती निवलेली भाकरी. बियाणे, खते, औषधे यांवर आपण तासन् तास बोलतो, हा हिशेब कुणी मांडत नाही. तो चुकता करायला शहर गाठण्याची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस घरच्या पुरुषाने चुलीपुढे बसावे. भाकरी वाकडी होईल, वडा फुटेल. होऊ द्या! तिच्या ताटात तो गरम पडला म्हणजे झाले.