‘डायबिटीस’ शब्दाची फोड आणि माझे काका

डोंबिवली-कल्याणहून सकाळची लोकल पकडणारे अनेक पेशंट सांगतात, “डॉक्टर, प्रवासात पंचाईत नको म्हणून पाणीच कमी पितो.” माझे काकाही तेच करायचे. पाणी जास्त पितो म्हणून सारखी लघवी होते, अशी त्यांची समजूत. रात्री तीन-चार वेळा उठायचे, घसा कोरडा पडायचा, वजनही उतरलं होतं. घरचे म्हणायचे, “वय झालं.” मी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मीही तेच म्हणालो.

त्याच वर्षी आमच्या सरांनी ‘डायबिटीस’ शब्दाची फोड सांगितली. इंग्रजीतला हा शब्द मुळात ग्रीक. ‘डिआ’ म्हणजे आरपार, ‘बाइनेइन’ म्हणजे जाणे. प्यायलेलं पाणी शरीरात न थांबता आरपार निघून जातं, तो हा आजार. गंमत म्हणजे हे ‘बाइनेइन’ आणि आपल्या ‘गमन’मधला ‘गम्’ धातू एकाच कुळातले. पुढे त्याला ‘मेलायटस’ हा लॅटिन शब्द जोडला गेला. त्याचा अर्थ मधासारखं गोड. आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ‘मधुमेह’ आहेच. त्यातला ‘मेह’ लघवी करणे या अर्थाच्या ‘मिह्’ धातूपासून आला. म्हणजे ग्रीक नावात लक्षण आहे, आणि लॅटिन व संस्कृत नावांत त्याचं कारण : साखर.

सर बोलत होते आणि मला काका दिसत होते.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते आणि म्हणून तहान लागते. काकांनी हा क्रम उलटा धरला होता. पाणी तोडल्याने शरीर आणखी सुकत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांचं रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर २८६. औषधांनी ती आटोक्यात आली, पण पायांच्या मुंग्या राहिल्याच.

तेव्हा खूप तहान, वारंवार लघवी, विनाकारण घटणारं वजन, यातलं काहीही असेल तर पाणी कमी करू नका, रक्त तपासा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा अधिक आली, तर लगेच डॉक्टरांना भेटा. आणि लोकलमध्ये पाण्याची बाटली सोबत असू द्या.