उज्जैनच्या नाण्यांवरचं चिन्ह आणि न दिसणारं गाढव

उज्जैनला गेलेला माणूस महाकालेश्वराचं दर्शन घेतो, क्षिप्रेच्या रामघाटावर थोडा वेळ बसतो, कालभैरवाला जाऊन येतो आणि परतीची गाडी पकडतो. तुमच्याकडे अर्धा दिवस जास्तीचा असेल, तर शहराच्या उत्तरेला गढकालिकेच्या मंदिराकडे जा. कालिदासाची ही आराध्य देवता, असं इथले लोक सांगतात. जवळच भर्तृहरीची गुंफा आहे. नदीकाठचा हा सारा उंचवटा म्हणजे जुन्या उज्जयिनीची जागा. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं इथं उत्खनन केलं.

या जुन्या नगरीनं मागे ठेवलेल्या वस्तूंपैकी एक तुमच्या तळहातावर मावेल एवढीच आहे. ती म्हणजे तांब्याचं नाणं, कधी गोल, कधी चौकोनी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातल्या अशा नाण्यांवर कठड्यातलं झाड दिसतं, बैल आणि हत्ती दिसतात, कधी मासे असलेली नदीची पट्टी दिसते. मोजक्या नाण्यांवर तर ब्राह्मी लिपीत गावाचं नावच कोरलेलं आहे. पण सगळ्यात जास्त वेळा दिसणारं चिन्ह वेगळंच आहे. अधिकाच्या खुणेसारख्या दोन रेघा आणि त्यांच्या चारही टोकांना चार वर्तुळं. कधी वर्तुळात ठिपका, कधी वर्तुळात आणखी एक वर्तुळ, तर कधी स्वस्तिक.

अभ्यासकांनी त्याला 'उज्जैन चिन्ह' असं नाव दिलं, कारण ते इथल्या नाण्यांवर भरपूर सापडलं. नाव सोयीचं होतं, पण त्यातूनच पहिला गैरसमज झाला. हे चिन्ह दिसलं की नाणं उज्जैनचंच, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पैठणच्या सातवाहन राजांनी हेच चिन्ह आपल्या नाण्यांवर घेतलं आणि ते थेट आंध्रपर्यंत पोचलं.

याचा सर्वांत मोठा पुरावा नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात मिळाला. तिथं १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या १३,०००हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. ठसा घाईत बसल्यामुळे खालून कुठं नहपानाचं नाक डोकावतं, कुठं जुनी अक्षरं. नहपानाचा पराभव झालाय, आता हे नाणं आमच्या नावानं चालेल, हा निरोप त्या ठशातून बाजारपेठेत घरोघरी गेला. त्या तीन कमानींनाही अभ्यासक बराच काळ बौद्ध चैत्य म्हणत आले. आता बहुतेक जण त्यात डोंगर पाहतात.

दुसरा गैरसमज आकारामुळे होतो. उज्जैन चिन्ह पाहून 'हा तर क्रॉस' असं कुणी म्हणालं, तर त्याला काळ विचारा. ही नाणी येशू ख्रिस्ताच्या जन्माआधीपासूनची आहेत. मग याचा अर्थ काय? कुणी याला चार दिशा म्हणतं, कुणी चौक, म्हणजे व्यापारी रस्ते जिथं एकमेकांना मिळतात ती जागा. यांपैकी एकच अर्थ खरा, असं ठरवता येईल असा पुरावा अजून पुढे आलेला नाही. दंड आणि कमंडलू घेतलेल्या तीन तोंडांच्या आकृतीचंही तसंच. आपल्याला ती लगेच महाकाल वाटते, काही अभ्यासकांनाही तसंच वाटतं, तर काही जण तिला कार्तिकेय म्हणतात.

हे सगळं फार जुनं वाटत असेल, तर घरातल्या गल्ल्यात २००५-०६ सालचं दोन रुपयांचं नाणं सापडतं का ते पाहा. त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके आहेत. हा तर ख्रिस्ती क्रॉस, म्हणून त्यावर बराच वाद झाला होता. त्या नक्षीची कल्पना 'विविधतेत एकता' ही होती. चार डोकी आणि एकच शरीर. पुढे २००७पासून हाताच्या मुद्रांची नाणी आली. नक्षीबरोबर तिचा अर्थ प्रवास करत नाही, हे एवढ्या ताज्या नाण्याबाबतही घडलं.

आता गाढवाकडे येऊ. गुजरात, राजस्थान, माळवा आणि कोकणातही चांदीची छोटी, जाड नाणी सापडतात. लोक त्यांना 'गधैया पैसा' म्हणतात. उज्जैनमध्ये याची गोष्ट तयारच असते. विक्रमादित्याचे वडील गंधर्वसेन शापामुळे गाढव झाले होते, त्यांचंच हे नाणं. जैन कालकाचार्य कथेत उज्जयिनीचा राजा गर्दभिल्ल येतो आणि त्याच्याकडे गर्दभी विद्या असते. नाव जुळलं, गाव जुळलं, मग नाण्यावर गाढव शोधलं जाऊ लागलं.

पण नाण्यावर गाढव नाही. इराणचा ससानी राजा फिरोज यानं ४५९ ते ४८४ या काळात राज्य केलं. हूणांकडून हरल्यावर त्यानं खंडणी म्हणून चांदीची नाणी दिली. हूणांबरोबर ती नाणी हिंदुस्थानात आली. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे दोन सेवक. व्यापाऱ्यांचा या छापावर विश्वास बसला, म्हणून इथल्या टाकसाळींनी तोच छाप उचलला.

इराणचा राजा कारागिरांनी कधी पाहिलेला नव्हता. त्यांच्यासमोर असायचं आधीचं नाणं. कानगोष्टींच्या खेळात वाक्य बदलत जातं, तसा चेहरा बदलत गेला. डोळ्याचा ठिपका झाला, नाकाची रेघ झाली, मुकुटाची नक्षी झाली. अग्निवेदीच्या उरल्या आडव्या-उभ्या रेघा आणि ठिपके. नाणं आकारानं लहान आणि जाड होत गेलं. असं काही शतकं चाललं. शेवटच्या नाण्यात कुणाला सिंहासन दिसतं, कुणाला शिवलिंग.

हे कोडं कसं सुटलं, ते पाहण्यासारखं आहे. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांनी १८३०च्या दशकात अशी नाणी क्रमानं मांडली. स्पष्ट चेहऱ्याचं नाणं आधी, पुसट नंतर, ठिपक्यांचं शेवटी. एकेक नाणं वेगळं पाहिलं असतं, तर गाढवाची गोष्टच खरी वाटली असती. रांगेत ठेवल्यावर मात्र राजा आणि अग्निवेदी आपोआप ओळखू आले.

याचा तुमच्या-आमच्याशी संबंध आहे. तीर्थक्षेत्रांच्या बाजारात आणि मोबाइलवर रोज कुणीतरी राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी असलेलं, १८१८ साल घातलेलं 'ईस्ट इंडिया कंपनीचं चमत्कारी नाणं' विकत असतं. कंपनीनं अशी नाणी कधी काढलीच नाहीत. ती अलीकडे बनवलेली पदकं आहेत. देव म्हणून देवघरात ठेवायला कुणाची हरकत नाही, पण पुरातन म्हणून हजारो रुपये मोजू नका. याच्या उलटही घडतं. आजीच्या डब्यातली 'ठिपक्यांची बेकार चांदी' सराफाकडे वितळायला जाते आणि त्याबरोबर एक दुवा कायमचा संपतो.

म्हणून नाणं हाती आलं की तीन गोष्टी करा. ते घासूनपुसून चकचकीत करू नका, कारण घासण्यात ठसा जातो. ते कुठं आणि कशाबरोबर मिळालं, ते लिहून ठेवा. आणि अर्थ ठरवण्याआधी त्याच्यासारखी आणखी चार नाणी पाहा. शेतात किंवा घराच्या पायात पुरलेला साठा सापडला, तर १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

अशी नाणी रांगेत पाहायची असतील, तर दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आणि नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला असलेली नाणेशास्त्र संशोधन संस्था या जागा लक्षात ठेवा. मुलांना सोबत न्या. काचेपाशी उभं करून आधी त्यांनाच विचारा, तुला यात काय दिसतं? मग शेजारचं नाणं दाखवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.