28 हजारांचा आकडा आणि 22 नावे

यंदाच्या 1 जानेवारीला सावंगी (मेघे) येथे शौर्यदिनाची सभा झाली. फलक आम्हीच लिहिला होता: '500 महार शूरांनी 28 हजार पेशव्यांना कापून काढले!' भाषणातही आम्ही हेच वाक्य जोरात म्हटले. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करताना नर्सिंगला शिकणारी वस्तीतली एक मुलगी जवळ आली. ती म्हणाली, "काका, 28 हजार लोक त्या एवढ्याशा गावात मावले तरी कसे जी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. "पुस्तकात आहे," असे आम्ही म्हटले. कोणत्या पुस्तकात, हे तिने विचारले नाही. आम्हाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. वीस वर्षे हा आकडा आम्ही सांगत आलो, पण एकदाही तपासला नव्हता.

म्हणून हा लेख. आपल्या काही मित्रांना तो आवडणार नाही. तरी शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

आधी जे पक्के आहे ते. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. त्यात मुंबईच्या देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे सुमारे 500 शिपाई होते. सोबत अडीचशे-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे 24 गोरे गोलंदाज. एकूण आठशेच्या आसपास माणसे. म्हणजे 500 हा पायदळाचा आकडा आहे. त्यात महार मोठ्या संख्येने होते. पण मराठे, राजपूत, मुसलमान, ज्यूही होते.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या बाजीरावाजवळ त्या वेळी 28 हजारांची फौज होती, असे सांगितले जाते. त्यातले वीस हजार घोडेस्वार. पण फौज जवळ असणे वेगळे आणि गावाच्या गल्लीत शिरून लढणे वेगळे. प्रत्यक्ष हल्ला केला तो अरब, गोसावी आणि मराठा पायदळाच्या तुकड्यांनी, साधारण दोन हजार माणसांनी. पेशवा स्वतः दूर टेकडीवरून पाहत होता. त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. 28 हजार माणसे त्या गावात मावली नाहीत, कारण ती गावात आलीच नव्हती.

कापून काढण्याचे म्हणाल, तर कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 275. पेशव्यांचे पाचशे-सहाशे, आणि तोही इंग्रजांनीच केलेला अंदाज. रात्री पेशव्यांचे सैन्य मागे हटले. जनरल स्मिथची मोठी फौज येते आहे, ही भीती त्यामागे होती. स्टॉन्टनही पुण्याला पोचला नाही. तो शिरूरला परत गेला.

मग शौर्य कुठे गेले? ते तिथेच आहे. रात्रभर चालून आलेली माणसे, पोटात अन्न नाही, नदी समोर दिसते पण पाणी मिळत नाही, आणि अशा अवस्थेत सुमारे बारा तास गाव सोडले नाही. दोन हजारांच्या हल्ल्यापुढे आठशे जण टिकले, तिघांमागे एक पडला, तरी शस्त्र खाली ठेवले नाही. याला शौर्य म्हणायला 28 हजारांची भर कशाला लागते? ज्याच्या घरात सोने आहे त्याने पितळेला मुलामा का द्यावा?

युद्धातल्या प्रशस्तीपत्रांची एक जुनी खोड आहे. ती लिहितो सत्ताधारी आणि लिहितो स्वतःच्या सोयीने. अमेरिकेचे लिंडन जॉन्सन 1942 मध्ये टेक्सासचे खासदार होते. 9 जून 1942 रोजी न्यू गिनीवर जाणाऱ्या एका बॉम्बफेकी विमानात ते निरीक्षक म्हणून बसले. त्या एका फेरीसाठी जनरल मॅकआर्थरच्या मुख्यालयाने त्यांना 'सिल्व्हर स्टार' दिला. विमानावर शत्रूने हल्ला केला, असे प्रशस्तीपत्रात लिहिले आहे. नंतर अभ्यासकांनी नोंदी काढल्या, तेव्हा विमान बिघडून लक्ष्याच्या आधीच परतले असावे, असा वाद उभा राहिला. विमान चालवणाऱ्या, बंदुका सांभाळणाऱ्या माणसांना त्या फेरीचे पदक मिळाले नाही. पाहुण्या खासदाराला मिळाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते चिन्ह त्यांच्या कोटावर असे.

कोरेगावलाही तेच झाले. स्टॉन्टनला कंपनीने तलवार आणि 500 गिनी दिल्या, गव्हर्नर जनरलचा एडीसी केले. 1821 मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली आणि पूर्वेतील ब्रिटिश सैन्याच्या अत्यंत अभिमानास्पद विजयांपैकी हा एक, अशी त्याची प्रशस्ती कोरली गेली. विजय ब्रिटिश सैन्याचा! शिपायांना पदक कधी मिळाले? 1851 मध्ये, म्हणजे 33 वर्षांनी. त्या पदकावर कोरेगावची पट्टी होती, तशी आमच्या शेजारच्या नागपूरच्या सीताबर्डीच्या लढाईचीही होती. पण ते फक्त जिवंत असलेल्यांसाठी होते. जे कोरेगावात पडले त्यांच्यासाठी पदक नव्हते. त्यांच्यासाठी फक्त दगडावरचे नाव.

स्तंभावर 49 नावे आहेत. त्यातल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. कंपनीच्या सैन्यात हा प्रत्यय महारांचा. आमच्या मते कोरेगावचे खरे प्रशस्तीपत्र ही 22 नावे आहेत. ती कोणी वाढवलेली नाहीत, कोणी कमी करू शकत नाही.

आणि याच नावांनी पुढे काम केले. ज्यांच्या बापजाद्यांनी लढाया जिंकून दिल्या त्यांचीच सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी लढा चालवला. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब स्तंभाजवळ उभे राहिले. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. यात 28 हजारांच्या कत्तलीची गरज कुठे पडली?

काही मित्र म्हणतात, "शत्रू आपल्या इतिहासावर टपून बसलेला असताना तुम्ही त्याच्या हातात दगड देता." आमचे उत्तर उलटे आहे. दगड त्याच्या हातात आपला फुगवलेला आकडा देतो. त्याने एक आकडा खोटा ठरवला की तो सगळी लढाई खोटी ठरवतो, मग ती 22 नावेही पुसतो. 2018 च्या 1 जानेवारीनंतर दूरदर्शनच्या चर्चांमध्ये हे आपण डोळ्यांनी पाहिले. आनंद तेलतुंबडे यांनी त्याच दिवसांत कोरेगावच्या मिथकावर लेख लिहिला, तेव्हा आम्हीही त्यांच्यावर चिडलो होतो. पेशवाईतील जातीच्या जुलमाची आठवण त्या लढाईला पुढे जो अर्थ देते, तो त्यांना पुरेसा वाटला नाही, असे आम्हाला आजही वाटते. पण आकड्यांबद्दल चिडण्याचे आम्हाला कारण नव्हते.

बाबासाहेबांनी काय केले ते आठवा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही शेकडो वर्षांची कथा. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी ती बुद्धीला पटत नाही म्हणून नाकारली. ज्याला शरण गेले त्याच्या चरित्रातलीही न पटणारी गोष्ट त्यांनी सोडली. आपण एका फलकावरचा आकडा सोडू शकत नाही काय?

आम्ही फलक बदलला आहे. आता त्यावर 'नाक' प्रत्ययाची 22 नावे लिहिणार आहोत. पुढच्या 1 जानेवारीला ती नावे वाचून दाखवायला त्या मुलीलाच सांगितले आहे. ती म्हणाली, "वाचतो काका, पण आधी मी तपासून पाहीन." आम्हाला यापेक्षा मोठे पदक नको.

जय भीम!