बर्मिंगहॅमचं ते चर्च

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या मैत्रिणींचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. नायगारा, न्यूयॉर्कचा पुतळा, डिस्नेचा किल्ला. माझ्याही मोबाइलमध्ये ते सगळे आहेत. पण तुमची लेक किंवा मुलगा अटलांटाच्या बाजूला राहत असेल, तर आणखी एका गावी जाऊन या. फोटोसाठी नव्हे. अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम हे ते गाव. अटलांटाहून पश्चिमेकडे सुमारे २४० किलोमीटर, मोटारीने अडीच तास. वाटेत राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे सकाळी निघालात तर दिवस चांगला हाताशी येतो.

आम्ही गेलो तेव्हा घरात आधी थोडी चर्चा झाली. नात अकरा वर्षांची. तिला न्यायचं की नाही? जावयांचं म्हणणं, "आई, तिथे जे घडलं ते ऐकून ती घाबरेल." लेक म्हणाली, "शाळेत शिकवतातच की." मी गप्प बसले, कारण मला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं. शेवटी नात म्हणाली, "मी येणार." मग गेलो.

बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचं गाव. डोंगरावर व्हल्कन या रोमन अग्निदेवाचा ५६ फुटी ओतीव लोखंडी पुतळा उभा आहे, तो दुरूनच दिसतो. पण आपल्याला जायचंय ते खाली, शहराच्या मध्यभागी. एका चौकात तीन ठिकाणं समोरासमोर आहेत : केली इनग्राम पार्क, नागरी हक्कांचं संग्रहालय आणि सिक्स्टिन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. विटांचं, दोन मनोऱ्यांचं हे चर्च १९११ मध्ये वॉलेस रेफिल्ड या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून बांधलं.

सुरुवात पार्कपासून करा. १९६३ साली या शहरात कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर तर बसायचीच सोय नाही. आपल्याकडे पाणवठ्यावरून काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे हे फार समजावून सांगायला नको. त्या वर्षीच्या वसंतात मार्टिन ल्यूथर किंग इथे आले, सत्याग्रह सुरू झाला, एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली. मोठी माणसं नोकरी जाईल म्हणून मोर्चात यायला कचरत होती. मग २ मे रोजी शाळेतली मुलं निघाली. या चर्चमध्ये जमायची आणि तिथून रांगेने बाहेर पडायची. शेकडोंना पहिल्याच दिवशी अटक झाली. नऊ वर्षांची ऑड्री फे हेंड्रिक्स आठवडाभर तुरुंगात होती. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्त बुल कॉनर याने मुलांवर अग्निशमन दलाचे पाण्याचे झोत आणि कुत्रे सोडले. पार्कमधल्या एका वाटेच्या दोन्ही बाजूंनी अंगावर झेपावणारे धातूचे कुत्रे उभे केले आहेत. वाट मधूनच जाते. मी मोठी बाई, तरी अंग चोरून चालले.

मी मूळची नागपूरची, म्हणून इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या मुलांचा मोर्चा ज्यांनी उभा केला ते जेम्स बेव्हल अहिंसेचे धडे शिकले नॅशव्हिलमध्ये, जेम्स लॉसन यांच्या वर्गात. आणि हे लॉसन १९५३ ते १९५६ आपल्या नागपुरात होते, हिस्लॉप कॉलेजात! मेथडिस्ट मिशनरी म्हणून आलेले. गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी इथे अभ्यासला. माँटगोमेरीतल्या बसबहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही 'नागपूर टाइम्स'मध्ये. माझा भाऊ हिस्लॉपला शिकला. त्या आवारातून मी कितीदा गेले असेन, पण हे ठाऊक नव्हतं. २०२४ मध्ये, ९५ व्या वर्षी लॉसन गेले.

आता चर्च. आत जायचं तर दर्शनाच्या वेळा आधी पाहून नोंदणी करून जा. इथे आजही प्रार्थना होते, हे विसरू नका. आवाज हळू ठेवा.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार. काही गोऱ्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांना पहिल्यांदा प्रवेश मिळून काहीच दिवस झाले होते. चर्चमध्ये तरुणांचा खास दिवस होता, म्हणून मुलींनी नटायचं मनावर घेतलेलं. संडे स्कूलमधला त्या दिवसाचा धडा होता, 'क्षमा करणारं प्रेम'. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी बाजूच्या पायऱ्यांखाली कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी ठेवलेला डायनामाइट फुटला. पलीकडेच तळघरातली मुलींची तयारीची खोली होती. अॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरल रॉबर्टसन या तिघी १४ वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेअर ११ वर्षांची. चौघी गेल्या. अॅडीची बहीण सारा १२ वर्षांची. ती वाचली, पण उजवा डोळा गेला.

त्या रविवारी आणखी दोन मुलगे मारले गेले, हे बहुतेकांना माहीत नसतं. जॉनी रॉबिन्सन १६ वर्षांचा. पोलिसाने पाठीत गोळी घातली. व्हर्जिल वेअर १३ वर्षांचा, भावाच्या सायकलच्या हँडलवर बसून चाललेला. एका गोऱ्या मुलाने गोळी झाडली. त्या मुलाची शिक्षा न्यायाधीशाने स्थगित केली.

आणि बॉम्बवाले? दोन वर्षांच्या आत एफबीआयकडे चौघांची नावं होती. तरी १९६८ मध्ये खटला न भरताच तपास बंद झाला. पुढे बिल बॅक्स्ली अलाबामाचे महाधिवक्ता झाले, त्यांनी प्रकरण पुन्हा उघडलं आणि १९७७ मध्ये रॉबर्ट चॅम्ब्लिसला शिक्षा झाली. थॉमस ब्लँटनला २००१ मध्ये, बॉबी फ्रँक चेरीला २००२ मध्ये. चौथा, हर्मन कॅश, १९९४ मध्ये खटल्याशिवायच मेला. ३९ वर्षं. डेनिस असती तर तोवर पन्नाशीची झाली असती. मुलांच्या धैर्याची गोष्ट सांगणं सोपं आहे हो, संग्रहालयं ती छान सांगतात. पण आई म्हणून मला तिथे ही ३९ वर्षंच टोचत राहिली. ज्यांच्या मुली गेल्या, त्या आया त्याच गावात राहत होत्या. आणि मारणारेही.

कॅरलच्या आईवडिलांनी तिचा अंत्यविधी वेगळा केला. बाकी तिघींचा एकत्र झाला, किंग तिथे बोलले. कॅरलच्या घरच्यांचं मला समजतं. लेक आधी त्यांची होती, चळवळीची नंतर.

चर्चमध्ये वर सज्जाकडे पाहा. स्फोटात बहुतेक रंगीत काचा फुटल्या. एक खिडकी वाचली, त्यात मुलांना घेऊन चाललेल्या ख्रिस्ताचा तेवढा चेहरा उडाला होता. ही बातमी ऐकून समुद्रापार वेल्समधले काचचित्रकार जॉन पेट्स यांनी नवी खिडकी करून द्यायचं ठरवलं. तिथल्या 'वेस्टर्न मेल' वर्तमानपत्राने वर्गणी काढली आणि एक अट घातली : एका माणसाकडून अर्ध्या क्राउनपेक्षा, म्हणजे एका लहानशा नाण्यापेक्षा, जास्त घ्यायचं नाही. कुणा एका श्रीमंताची भेट नको होती. १९६५ मध्ये बसवलेल्या त्या निळ्या काचेत हात पसरलेला कृष्णवर्णीय ख्रिस्त आहे. एक हात अन्याय अडवणारा, दुसरा क्षमा देणारा. आम्ही गेलो तेव्हा ऊन त्यातून खाली बाकांवर पडलं होतं.

संग्रहालयाला दोन तास तरी द्या. किंगना जिथे डांबलं त्या कोठडीचं दार तिथे आहे. आणि निघण्याआधी स्पाइक ली यांचा १९९७ चा 'फोर लिटल गर्ल्स' हा माहितीपट घरी पाहून जा, मात्र मुलं झोपल्यावर. त्यात डेनिसचे वडील सांगतात, की दुकानातल्या सँडविचच्या वासाने लेकीला भूक लागली आणि ते तुला का मिळणार नाही, हे त्यांना तिला समजावून सांगावं लागलं.

परत जाताना पुन्हा पार्कमध्ये आलो, कारण चर्चच्या समोरच्या कोपऱ्यात चौघींचं शिल्प आहे. ते २०१३ मध्ये उभारलं. डेनिस अनवाणी, बाकावर टाचा उंचावून कबुतरं सोडते आहे. अॅडी गुडघ्यावर बसून तिच्या फ्रॉकचा मागचा पट्टा बांधते आहे. खाली चौथऱ्यावर चौघींसोबत साराचा आणि त्या दोन मुलग्यांचाही फोटो आहे, माहिती आहे. नातीने सगळ्यांची वयं मोठ्याने वाचली. डेनिसच्या नावापाशी थांबली. मग म्हणाली, "आजी, पट्टा बांधून झाला होता का?"

साराने जे सांगितलं आहे तेच मी तिला सांगितलं. अॅडी पट्टा बांधायला लागली होती, तेवढं साराने पाहिलं. मग आवाज झाला.

नात काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने माझा हात धरला आणि आम्ही गाडीकडे निघालो. जावई घड्याळ पुन्हा एक तास पुढे करत होते.