पुढचा हूक

गेल्या दिवाळीच्या आधी मी लोखंडाच्या दोन हुकांपायी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत जेवढे हेलपाटे घातले, तेवढे स्वतःच्या लग्नाच्या वेळीही घातले नव्हते. एका पेन्शनर मास्तराला हुकांशी काय कर्तव्य, असे एस.टी.तल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलेही. मी त्यांना खरे कारण सांगितले नाही. ते सांगायला जरा धीर लागतो.

हूक म्हणजे पिकअप गाडीच्या तोंडाला, बंपरच्या खाली, डाव्या-उजव्या अंगाला असतात ते. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. गाडी घेताना माणूस आसनाचे कापड चाचपतो, हॉर्न वाजवून बघतो, हार घालतो, नारळ फोडतो. पण 'पुढे हूक आहेत का हो?' असे विचारणारा गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नाही. विचारणार तरी कसा? मागचा हूक असतो तो दुसऱ्याला ओढण्यासाठी आणि पुढचा असतो तो आपल्याला कोणी ओढावे म्हणून. गळ्यात हार पडलेला असताना आपण कधीतरी चिखलात बसणार आहोत, हे कोणाच्या मनात येणार?

आमची गाडी जुनीच घेतलेली. पुतण्याने पसंत केली आणि माझ्या पेन्शनीतले थोडे पैसे तीत गेले, म्हणून ती 'आमची'. आधीच्या मालकाला नटवण्याची हौस फार. त्याने गाडीच्या तोंडाला चकचकीत नळ्यांचा भला थोरला गार्ड बसवला होता आणि तो बसावा म्हणून कंपनीचे दोन्ही हूक काढून टाकले होते. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असल्या गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितले. टक्कर झाली तर असा गार्ड पायी चालणाऱ्याचा जीव घेतो आणि गाडीतल्यांनाही धोक्यात घालतो, हे त्याचे कारण. मालकाने दंडाच्या भीतीने गार्ड उतरवला. हूक मात्र तोवर भंगारात गेले होते. राहिली ती गार्डची एकेक पट्टी, दोन्ही अंगांना, टोकाला भोक असलेली. लांबून बघावे तर हूकच वाटावा.

आमची जमीन न्हावऱ्याच्या पुढे, भीमेच्या अलीकडच्या अंगाला. अलीकडे शिरूर तालुका, पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका. जमीन काळी. कोरडी असते तेव्हा दगडासारखी, आणि भिजली की लोण्यासारखी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला आणि दोन दिवसांनी पुतण्याने चाळीतल्या कांद्याच्या तीस गोण्या भरून गाडी पाणंदीत घातली. मी शेजारी बसलो होतो. 'वाळलंय, नाना,' तो म्हणाला. वरून वाळले होते खरे. शंभर पावलांवर मागची चाके बसली. त्याने रेस दिली तशी चाके जागच्या जागी फिरून आणखी खोल गेली आणि पाच मिनिटांत गाडी धुऱ्यापर्यंत चिखलात. डांबरी रस्त्यावर दोघे जण ढकलतील ती गाडी अशी रुतली की, तिला उपसायला कधी कधी तिच्या वजनाएवढा जोर लागतो. कारण नुसते ओढायचे नसते, तर चिखलाच्या मुठीतून सोडवायचे असते.

ट्रॅक्टर जवळ होता तो एकच, आबांचा. आणि इथेच आमची पंचाईत होती.

आबांचे शेत आमच्या बांधाला लागून. आठ वर्षांत आमच्या दोन घरांत बोलणे नव्हते. भांडण बांधाचे; दुसरे कशाचे असणार? आबांनी बांध कोरला असे आमच्या घरचे म्हणणे. आम्हीच तावातावाने मोजणी आणली. मोजणी झाली आणि बांध कोरलेला निघाला तो आमच्या बाजूने. म्हणजे दीड वीत जमीन खाल्ली होती ती आम्हीच. आम्ही बांधाचा दगड मुकाट्याने सरकवला, पण 'चुकलं' हा शब्द काही आमच्या तोंडून सरकला नाही. तेव्हापासून आबा समोरून आले की मी चष्मा पुसू लागे.

त्या दिवशी कोणी बोलवायला गेले नाही. आबाच ट्रॅक्टर घेऊन आले. वरूनच म्हणाले, "टोचन आहे का?" पुतण्याने नायलॉनचा दोर काढला आणि गाडीच्या डाव्या अंगाच्या त्या पट्टीच्या भोकात घालून बांधला. मी बघत होतो. मी काही बोललो नाही.

हे मला फार लागले आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. माझे वडील दौंडच्या रेल्वेत पॉइंट्समन होते. दौंड-मनमाड लाइन १८७८ सालची. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे दौंडला तोंड फिरायचे. इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. पुढे कॉर्ड लाइन झाली आणि पुष्कळ गाड्यांची ही यातायात वाचली, पण माझ्या लहानपणी आमचे घर त्या यातायातीवरच चालले होते. वडील दोन बफरांच्या मधे वाकून शिरत, साखळीची जड कडी उचलून समोरच्या हुकात टाकत आणि मग मधला स्क्रू फिरवत फिरवत बफरला बफर टेकेपर्यंत आवळत. घरी जेवताना सांगत, "सैल जोडणीचा हिसका बसतो, आणि हूक तुटतो तो ओढण्यानं नव्हे, हिसक्यानं." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले असेल. शाळेत विज्ञान शिकवताना वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठही करून घेतले असेल. आणि पाणंदीत उभा राहून तो सैल दोर, ती पातळ पट्टी मी बघत राहिलो. आबांशी बोलावे लागू नये म्हणून गप्प राहिलो, हे खरे कारण.

पहिल्या खेपेला गाडी हलली नाही. पुतण्या ओरडला, "आबा, जरा झटका द्या!" आबांनी ट्रॅक्टर मागे घेतला, दोर सैल पडला, आणि मग जोरात पुढे काढला. नायलॉन ताणला जातो तो रबरासारखा. सगळा जोर पोटात साठवतो. पट्टी बोल्टापाशी फाटली. काय झाले ते कोणाला दिसले नाही, नुसता आवाज झाला. लोखंडाचा तो तुकडा आबांच्या कानाजवळून गेला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डावरच्या दिव्याचा चुरा झाला. आबा वळले, त्यांनी फुटलेल्या दिव्याकडे पाहिले, मग टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली.

ते खाली उतरले. मला वाटले, आता आठ वर्षांचे सगळे निघणार. ते म्हणाले, "गोण्या उतरवा आधी." मग धोतर खोचून स्वतः त्या चिखलात गाडीखाली आडवे झाले आणि चॅसीच्या आडव्या पट्ट्याला दोर बांधला. चाकांपुढे उसाचे पाचट टाकायला लावले, दोरावर एक भिजवलेले पोते टाकले, म्हणजे दोर तुटला तरी उसळणार नाही. आम्हाला दोराच्या लांबीबाहेर उभे केले. मग दोर आधी ताठ करून, मुंगीच्या पावलाने ट्रॅक्टर पुढे घेतला. हिसका नाही, काही नाही. गाडी पाय सोडवल्यासारखी वर आली. आबा दोर गुंडाळून आमच्या हातात देऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी हूक शोधायला निघालो. शिरूरच्या एका दुकानात तांबड्या रंगाचा, झकास दिसणारा हूक पुढे आला. हातात घेतला तर हलका. दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, "ओढायचंय का दाखवायचंय? हा शोचा आहे." ओढवून घ्यायच्या वस्तूचाही शो होतो, हे ज्ञान मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी झाले. पुढे चौफुल्याला एक वेल्डिंगवाला सळई वाकवून जागच्या जागी डकवून द्यायला तयार होता, अर्ध्या तासात, चहाच्या खर्चात. मी हो म्हणणार होतो.

दौंडला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे सहज ते बोललो, तर तो कडाडलाच. "चॅसीला आग लावायची नाही, मास्तर. जिथं तापवाल तिथलं लोखंड बिघडतं, आणि चीर पडते ती वेल्डिंगच्या शेजारीच. कंपनीनं भोकं पाडून ठेवलीत ती कशाला?" त्याने कंपनीचे हूक पुण्याहून मागवून दिले. चार दिवसांनी आले. मग एक बोल्ट माझ्या हातावर ठेवला आणि त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचायला सांगितला. ८.८ असा होता. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की एका चौरस मिलिमीटरला किती न्यूटनपर्यंत तो तुटत नाही ते कळते. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांश जोराला तो कायमचा ताणला जाऊ लागतो. म्हणजे आठशेला तुटणार, पण सहाशे चाळीसलाच कामातून जाणार. माणसांच्या डोक्यावर असा आकडा कोरलेला असता तर मोजणीच्या आधी आम्ही आमचा वाचून घेतला असता. साधा, बिनआकड्याचा बोल्ट या कामाला घ्यायचा नाही, हे मिस्त्रीने दोनदा बजावले.

गार्डचे उरलेले बोल्ट गंजून एकजीव झाले होते. रात्रभर रॉकेल सोडून, सकाळी पान्याला नळी लावून ते सुटले. तारेच्या ब्रशने गंज काढून रंग दिला आणि दोन्ही अंगांना हूक बसले. दोन का, हे मी विचारले. एकाच अंगाने ओढले तर गाडी तिरकी येते आणि चॅसीला पीळ बसतो. दोन्हीकडून दोर घेऊन मधे जोडला की ओढ सरळ येते. आठ दिवस माल वाहून झाल्यावर नट पुन्हा तपासा, असे सांगून त्याने मजुरी घेतली ती ऐकून मलाच संकोच वाटला.

वसुबारसेच्या संध्याकाळी ट्रॅक्टरचा नवा दिवा पिशवीत घालून मी पुतण्यासह आबांच्या वस्तीवर गेलो. गाडी अंगणात उभी केली. बांधाचे मी बोललो. वाक्य जुळवून नेले होते, ते अर्ध्यात तुटले. पण 'चुकलं' एवढे त्यात आले. आबांनी दिवा घेतला, "हं," म्हणाले आणि उठून गाडीपाशी गेले. हुकात दोन बोटे घालून हलवून पाहिले. बोल्टाचे डोके अंगठ्याने पुसले.

"हे बरं केलं," ते म्हणाले. "मागं आहे का?"

"मागं आहे की, आबा," पुतण्या घाईने म्हणाला, "कंपनीचाच आहे."

आबा मागे जाऊन वाकले. त्यांच्याबरोबर मीही वाकलो. मागचा हूक होता, चांगला जाडजूड होता. आणि त्याच्या आतल्या बाजूचा कंपनीचा काळा रंग अजून जसाच्या तसा होता.